पेन्शन नाकारून सरकारने काय वाचवलं? हर्बर्ट ब्राउन यांचा हिशोब

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वॉशिंग्टनमधल्या सरकारी कचेऱ्यांत सत्तरी ओलांडलेले कारकून टेबलाशी बसलेले दिसायचे. कुणाला समोरचा कागद नीट वाचता येत नसे, कुणाचा हात थरथरे, कुणाला जिना चढवत नसे. खातेप्रमुखाला हे सगळं दिसत असे. पण ज्या माणसाने तीस-चाळीस वर्षं इमानेइतबारे नोकरी केली आणि ज्याच्या गाठीला घरभाड्यापुरतीही शिल्लक नाही, त्याला ‘उद्यापासून येऊ नका’ म्हणणं त्याच्या जिवावर येई. मग त्या कारकुनाचं काम हळूच शेजारच्या तरुण माणसाकडे सरकवलं जाई. काही ठिकाणी त्याचा पगार एक-दोन पायऱ्यांनी कमी करत, पण खुर्ची तशीच ठेवत.

अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या मुलकी नोकरांना १९२० पर्यंत पेन्शन नव्हतं. फेडरल न्यायाधीशांना मात्र १८६९ पासून, सत्तरी झाली आणि दहा वर्षं सेवा भरली की पूर्ण पगारावर निवृत्त होता येत होतं. लष्करी अधिकाऱ्यांची सोय होती. पेन्सिल्व्हेनिया रेल्वेसारख्या खासगी कंपनीनेही १९०० मध्ये आपल्या माणसांना पेन्शन सुरू केलं होतं. ज्यांच्यावर सरकारचा रोजचा कारभार चालायचा ते कारकून, पोस्टमन आणि मेकॅनिक तेवढे बाहेर राहिले होते.

का, ते समजायला थोडं मागे जावं लागतं. १८८३ पर्यंत तिथली सरकारी नोकरी टिकणारी नव्हतीच. नवा राष्ट्राध्यक्ष आला की जुन्या पक्षाची माणसं घरी आणि नव्या पक्षाची खुर्चीत. १८८१ मध्ये राष्ट्राध्यक्ष गारफिल्ड यांच्यावर गोळ्या झाडणारा चार्ल्स गिटो हा सरकारी नेमणूक न मिळाल्याने बिथरलेला माणूस होता. त्या हत्येने देश हादरला आणि १८८३ मध्ये पेंडलटन कायदा झाला. परीक्षेतून भरती सुरू झाली, पक्ष बदलला म्हणून घरी पाठवणं कमी होत गेलं. नोकरी पक्की झाली, आणि पक्क्या नोकरीतली माणसं नोकरीतच म्हातारी होऊ लागली. संसदेने आत येण्याचे नियम केले होते, बाहेर पडण्याचे केले नव्हते.

दुसरं कारण यादवी युद्धातल्या सैनिकांचं पेन्शन. १८९० च्या कायद्याने त्याच्या अटी खूप सैल केल्या. १८९३ च्या सुमारास केंद्र सरकारच्या एकूण खर्चातला जवळपास ४० टक्के हिस्सा एकट्या त्या पेन्शनवर जात होता. त्याचा कारभार पाहण्यासाठी वॉशिंग्टनमध्ये लाल विटांची अवाढव्य इमारत बांधावी लागली, ती १८८७ मध्ये पुरी झाली. (आज तिथे नॅशनल बिल्डिंग म्युझियम आहे.) त्यामुळे ‘मुलकी नोकरांनाही पेन्शन द्या’ असं कुणी म्हटलं की खासदारांच्या डोळ्यांसमोर ती इमारत उभी राही आणि विषय तिथेच मिटे.

हर्बर्ट डी. ब्राउन यांचं नाव या वादात पुढे येतं ते हिशोब मांडणारा माणूस म्हणून. ते पुढारी नव्हते, निवडणूक लढवणारेही नव्हते. आजच्या अमेरिकन वाचकालाही ते फारसे ठाऊक नाहीत. पण १९१० च्या सुमाराला अमेरिकन सिनेटने मुलकी निवृत्तीवरचे जे जाडजूड अहवाल छापले, त्यांतल्या महत्त्वाच्या अहवालांवर त्यांचं नाव आहे. पुढे १९१३ ते १९३३ अशी सलग वीस वर्षं ते केंद्र सरकारच्या कार्यक्षमता विभागाचे प्रमुख होते. सरकारी काम स्वस्तात आणि नीट कसं व्हावं हा त्यांचा मुख्य विषय. त्याचा शोध घेणारा माणूस पेन्शनपाशी येऊन पोहोचला, याला कारण आहे. ब्राउन यांचं सगळं काम त्या कारणातून समजतं, म्हणून ते आधी नीट पाहू.

एक काल्पनिक उदाहरण घ्या. वर्षाला १,४०० डॉलर पगार घेणारा बहात्तर वर्षांचा कारकून आहे. आता त्याच्या हातून निम्मंच काम होतं. सरकारी वहीत हा खर्च ‘पगार’ म्हणून लिहिला जातो. प्रत्यक्षात सरकार त्याला ७०० डॉलर पगार आणि ७०० डॉलर पेन्शन देत असतं, फक्त पेन्शन हा शब्द कुठे लिहिलेला नसतो. उरलेलं निम्मं काम कुणीतरी करायलाच हवं, त्यासाठी आणखी एक माणूस नेमावा लागतो. वरच्या जागा अडलेल्या असल्याने खालच्याला बढती मिळत नाही. त्यातला हुशार असतो तो चार-पाच वर्षं वाट पाहून खासगी नोकरीत निघून जातो, आणि ज्याला दुसरीकडे कुणी घेत नाही तो मागे राहतो. म्हणजे पेन्शन नाकारल्याने सरकारचे पैसे वाचतच नव्हते. ते पगाराच्या रकान्यातून, कुणालाही न दिसता जात होते आणि वर कामही बिघडत होतं.

हा मुद्दा एकट्या ब्राउन यांचा नव्हता. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी १९०५ मध्ये सरकारी कचेऱ्यांच्या कामाची पाहणी करायला कीप आयोग नेमला होता, त्यालाही थकलेल्या नोकरांचा प्रश्न टाळता आला नाही. रूझवेल्ट यांच्यामागून आलेल्या टाफ्ट यांनी १९०९ च्या वार्षिक संदेशात संसदेला सांगितलं की वय झालेल्यांना सेवेतून बाजूला करण्याची काही रीत ठरवल्याशिवाय सुधारणा पुढे सरकणार नाही, आणि त्याला सरळ पेन्शन किंवा कपातीतून उभं राहणारं पेन्शन असे दोनच मार्ग आहेत. या दोन मार्गांचा तळ गाठण्याचं काम ब्राउन यांनी केलं.

दोन मार्ग, आणि दोन्हींतली मेख

सरळ पेन्शन म्हणजे नोकराच्या पगारातून काही कापायचं नाही आणि निवृत्तीनंतर सगळी रक्कम सरकारने तिजोरीतून द्यायची. ब्रिटनमध्ये हे चालू होतं. तिथे १८३४ पासून पगारातून कपात होत असे. कपातीची रक्कम प्रत्यक्ष वाटल्या जाणाऱ्या पेन्शनपेक्षा कितीतरी जास्त आहे अशी नोकरांची ओरड होती, म्हणून १८५७ मध्ये कपात बंद झाली. १८५९ च्या कायद्याने सेवेच्या प्रत्येक वर्षाला पगाराचा साठावा हिस्सा, जास्तीत जास्त चाळीस वर्षांपर्यंत, असं सूत्र ठरलं. कागदावर हे फार उदार दिसतं. पण चाळीस वर्षं नोकरी करून निवृत्तीच्या आदल्या महिन्यात माणूस वारला तर घरच्यांच्या हाती काहीच पडत नसे. मधेच नोकरी सोडली तरी तेच. पेन्शन आहे म्हणून पगार कमी ठेवलेला, म्हणजे पैसे एका अर्थी त्याचेच, पण त्यांवर हक्क तो शेवटपर्यंत नोकरीत टिकून राहिला तरच. ब्रिटिश नोकरांनी याविरुद्ध अनेक वर्षं तक्रार केली आणि १९०९ च्या कायद्याने त्यात बदल झाला. वार्षिक पेन्शनचं प्रमाण साठाव्याऐवजी ऐंशीव्या हिश्शावर आणलं, पण निवृत्तीच्या वेळी एकरकमी पैसे आणि सेवेत मृत्यू आल्यास वारसांना रक्कम मिळू लागली.

दुसरीकडे ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्सचा अनुभव होता. तिथे १८८४ मध्ये नोकरांच्या कपातीतून निधी उभा केला. कपात किती आणि वचन किती यांचा मेळ मात्र कुणी नीट घातला नाही. सुरुवातीला निधीत पैसे येत होते आणि निवृत्त होणारे थोडे होते, त्यामुळे सगळं सुरळीत वाटलं. दशकभरात हिशोब फसल्याचं कळलं आणि १८९५ च्या कायद्यानंतर नव्या भरतीला तो निधी बंद झाला. न्यूझीलंडने १९०७ मध्ये जास्त सावध पाऊल टाकलं. तिथे कपातीचा दर नोकरीत येतानाच्या वयावर ठरत होता. तरुणाला पगाराच्या ५ टक्के, उतारवयात येणाऱ्याला १० टक्क्यांपर्यंत. उशिरा येणाऱ्याच्या पैशांवर व्याज चढायला वेळ थोडा असतो, म्हणून त्याने जास्त भरायचं.

ब्राउन यांच्या अहवालांत ब्रिटन, न्यूझीलंड आणि न्यू साउथ वेल्स या तिन्ही ठिकाणांचा अभ्यास आहे. त्यांनी त्यातून जे उचललं ते मला आजही महत्त्वाचं वाटतं: पेन्शन योजनेची पहिली दहा-पंधरा वर्षं फसवी असतात. सरळ पेन्शन सुरू केलं तर पहिल्या वर्षी थोडेच लोक निवृत्त होतात आणि खर्च किरकोळ दिसतो. पुढे निवृत्तांची संख्या दरवर्षी वाढत जाते, आणि खर्चाची खरी उंची कळायला तीस-चाळीस वर्षं लागतात. तोवर ज्यांनी वचन दिलं ते सत्तेत नसतात. कपातीच्या निधीत पैसे आधी येतात आणि मागणी नंतर येते, म्हणून तिजोरी भरलेली दिसते. दोन्ही वेळा आजचा आकडा पाहून निर्णय घेणारा माणूस चुकतो. निर्णय कसा घ्यायचा, तर आज कामावर असलेल्या प्रत्येक माणसाला पुढे किती द्यावं लागेल याचा वय, आयुर्मान आणि व्याज धरून आजच हिशोब मांडायचा. हे ॲक्च्युअरीचं काम. विमा कंपन्या ते रोज करत होत्या, सरकारने मुलकी नोकरांसाठी केलं नव्हतं.

१९११ मध्ये सिनेटने छापलेल्या योजनेत ब्राउन यांनी बचत आणि वार्षिकी (दर वर्षी मिळणारी ठराविक रक्कम) असा मार्ग सुचवला. प्रत्येक नोकराचं स्वतंत्र खातं, पगारातून कपात, त्यावर चक्रवाढ व्याज आणि निवृत्तीच्या वेळी जमलेल्या रकमेतून आयुष्यभराची वार्षिकी. मधेच नोकरी सोडली किंवा मृत्यू आला तर आपले पैसे व्याजासह परत. कुणाचे पैसे कुणाकडे जाणार नाहीत आणि दर वर्षी खात्यात किती आहे ते दिसत राहील. मॅसॅच्युसेट्सचे खासदार फ्रेडरिक जिलेट यांनी कपातीवर आधारलेलं विधेयक संसदेत नेलं.

पण यात एक मोठी अडचण होती, आणि पेन्शनवरच्या कुठल्याही वादात आधी तिच्याकडे बघावं असं मी म्हणेन. योजना आज सुरू झाली तर आजचा विशीतला कारकून पंचेचाळीस वर्षं भरत राहील आणि त्याचं पेन्शन त्याच्याच पैशांतून निघेल. आज साठीत असलेल्याचं काय? त्याची पस्तीस वर्षं कपातीविना गेली. त्या मागच्या सेवेचे पैसे कुणीच बाजूला ठेवलेले नाहीत. ते एक तर सरकारने भरायचे, नाहीतर तरुणांच्या कपातीतून उचलायचे, नाहीतर म्हाताऱ्याला दोन-चार वर्षांच्या कपातीएवढं चिमूटभर पेन्शन द्यायचं. ब्राउन यांची भूमिका स्पष्ट होती: मागची सेवा सरकारने घेतली आहे, तिचा भार सरकारने उचलावा आणि तो वेगळा दाखवावा.

कर्मचारी संघटना मात्र या योजनेच्या विरोधात उभ्या राहिल्या. त्यांना सरळ पेन्शन हवं होतं. हा विरोध हेकेखोरपणाचा होता असं मला वाटत नाही. वॉशिंग्टनच्या कचेऱ्यांतल्या कारकुनांचे चार वर्ग आणि त्यांचे १,२००, १,४००, १,६०० आणि १,८०० डॉलर हे वार्षिक पगार १८५० च्या दशकातल्या कायद्यांनी ठरलेले होते. पन्नास वर्षांनंतरही तीच चौकट चालू होती. महागाई वाढत होती, पगार तिथेच. अशा माणसाला ‘म्हातारपणासाठी आणखी थोडं काप’ म्हटलं की त्याला ती पगारकपातच वाटणार, आणि होतीही. ब्राउन यांचं गणित बरोबर होतं. पण ज्याच्या पगारातून ते पैसे जायचे होते त्याच्याशी बोलताना पगारवाढीचा विषय आधी यायला हवा होता, असं मला वाटतं.

या रस्सीखेचीत संसदेने १९१२ मध्ये भलताच मार्ग काढला. कारकुनांची नेमणूक सात वर्षांपुरतीच असावी अशी तरतूद एका खर्च-विधेयकात घातली. नोकरीत म्हातारे होतात ना, मग सात वर्षांनी मुदतच संपवा. टाफ्ट यांनी ऑगस्ट १९१२ मध्ये ते विधेयक नाकारलं. सात वर्षांची मुदत म्हणजे १८८३ पूर्वीच्या वशिल्याच्या दिवसांकडे परत जाणं होतं. त्याच महिन्यात ते विधेयक ती तरतूद वगळून मंजूर झालं. त्यात मुलकी नोकरांच्या कामाचं मूल्यमापन करण्याची पद्धत बसवावी असा आदेश होता.

कार्यक्षमता विभागाची वीस वर्षं

त्या आदेशातून मार्च १९१३ मध्ये मुलकी सेवा आयोगात कार्यक्षमतेचा एक विभाग निघाला आणि ब्राउन त्याचे प्रमुख झाले. २८ फेब्रुवारी १९१६ च्या कायद्याने तो स्वतंत्र ब्युरो ऑफ एफिशियन्सी झाला. आता तो थेट राष्ट्राध्यक्षांना उत्तर देत होता.

सरकारी कार्यक्षमता हा शब्द आज कानावर पडला की नोकरकपात आठवते. तेव्हाचं काम बरंचसं कागदाच्या पातळीवर होतं. टाफ्ट यांच्या काटकसर आयोगाने १९१२ मध्ये दाखवून दिलं होतं की बाहेरून आलेली हजार पत्रं हाताळायला एका खात्याला ६ डॉलरच्या आत खर्च येतो, तर दुसऱ्याला ८१ डॉलरहून जास्त. काम तेच, सरकार तेच. आलेलं पत्र घड्या घालून कप्प्यात ठेवायचं की सपाट फाइलला लावायचं, उत्तराची प्रत ओल्या कागदावर दाबून काढायची की टाइपरायटरवर कार्बन घालून, पाकिटावर पत्ता पुन्हा लिहायचा की खिडकीचं पाकीट वापरायचं, अशा गोष्टींतून हा फरक पडत होता. ब्राउन यांच्या विभागाने हीच नजर वीस वर्षं सरकारभर फिरवली. एकच काम दोन खाती करतात का, हाताने चालणारी आकडेमोड यंत्रावर नेता येईल का, एका कागदाला किती सह्या लागतात. पहिल्या महायुद्धात सैनिकांच्या विम्याचा आणि त्यांच्या घरी जाणाऱ्या पैशांचा कारभार रातोरात फुगला, तेव्हा तिथल्या कामाची घडी बसवायलाही या विभागाची माणसं गेली.

मूल्यमापन हा मात्र या कामाचा अवघड भाग होता. माणसाच्या कामाला गुण देणं कागदावर सोपं असतं. पण निवृत्तीची सोय नसलेल्या कचेरीत साहेब म्हाताऱ्या कारकुनाला कमी गुण कसे देणार? कमी गुण म्हणजे त्याची भाकरी जाणार. म्हणजे पेन्शन नसेल तर मूल्यमापनालाही काही अर्थ उरत नाही. ब्राउन यांची दोन कामं, कार्यक्षमता आणि पेन्शन, इथे एकमेकांत गुंततात.

ब्राउन भांडखोर होते का? सत्तेच्या वाट्यासाठी ते लढले हे खरं. १९२१ मध्ये अर्थसंकल्पाचा नवा कायदा झाला आणि चार्ल्स डॉव्ज यांच्या हाताखाली ब्युरो ऑफ द बजेट सुरू झाला. त्याचं काम ब्राउन यांच्या कामाला जागोजागी छेदू लागलं. पदांची वर्गवारी आणि पगारश्रेणी कुणी ठरवायची यावरही मोठा वाद झाला. सिनेटर रीड स्मूट हे ब्राउन यांच्या विभागाच्या बाजूने होते, कर्मचारी संघटना विरोधात. शेवटी १९२३ च्या वर्गवारी कायद्याने तिघांचं मंडळ नेमलं: बजेट विभागाचे संचालक, मुलकी सेवा आयोगाचा एक सदस्य आणि कार्यक्षमता विभागाचे प्रमुख. म्हणजे ब्राउन आत होते, पण एकटे नव्हते. १८५० च्या दशकापासूनची ती जुनी पगारचौकट या कायद्याने एकदाची मोडली.

१९२० चा कायदा आणि त्याचं गणित

पेन्शनचा कायदा आला तो युद्धानंतर. युद्धाने केंद्र सरकारच्या मुलकी नोकरांची संख्या नऊ लाखांच्या वर नेली होती, भाव भडकले होते. आता माणसं कमी करायची वेळ आली, आणि घरी पाठवायचं तर आधी तरुणांना की आधी थकलेल्यांना, हा प्रश्न पुढ्यात उभा राहिला. सिनेटर थॉमस स्टर्लिंग आणि खासदार फ्रेडरिक लेलबाक यांच्या विधेयकावर राष्ट्राध्यक्ष विल्सन यांनी २२ मे १९२० रोजी सही केली.

त्यातल्या अटी अशा. सर्वसाधारण नोकरासाठी निवृत्तीचं वय ७०, पोस्टमन, टपाल कारकून आणि मेकॅनिक यांच्यासाठी ६५, रेल्वे डाक कारकुनांसाठी ६२. सेवा किमान १५ वर्षं. पगारातून अडीच टक्के कपात. पेन्शन ठरायचं सेवेच्या वर्षांवर आणि शेवटच्या दहा वर्षांच्या सरासरी पगारावर. तीस वर्षं पूर्ण केलेल्याला सरासरी पगाराच्या ६० टक्के, पण वर्षाला ७२० डॉलरहून जास्त नाही आणि ३६० हून कमी नाही. पंधरा वर्षंवाल्याला ३० टक्के, १८० ते ३६० डॉलरच्या मध्ये. नोकरी सोडणाऱ्याला कपात ४ टक्के व्याजासह परत. विधवेला पेन्शन नव्हतं, खात्यात उरलेली कपात तेवढी वारसांकडे जाई.

आता १,२०० डॉलर पगाराचे दोन कारकून घेऊ. अडीच टक्के म्हणजे वर्षाला ३० डॉलर, महिन्याला अडीच. पहिला विशीत नोकरीला लागला आणि सत्तरीपर्यंत राहिला. पन्नास वर्षांत त्याने १,५०० डॉलर भरले, ४ टक्के चक्रवाढीने ते साधारण ४,५८० होतात. पगार तेवढाच धरला तर त्याला दर वर्षी ७२० डॉलर मिळणार. म्हणजे त्याच्या स्वतःच्या पैशांतून सुमारे सव्वासहा वर्षांचं पेन्शन निघतं, उरलेल्या रकमेवरचं व्याज धरलं तर थोडं अधिक.

दुसरा १९२० मध्ये पंचावन्न वर्षांचा आहे, वीस वर्षं नोकरी झालेली. तो आणखी पंधरा वर्षं भरतो: ४५० डॉलर, व्याज धरून ६०० च्या आसपास. पस्तीस वर्षांच्या सेवेवर त्यालाही ७२० डॉलरच मिळतात. त्याचे पैसे पहिल्या वर्षाच्या दहाव्या महिन्यातच संपतात. आणि जो १९२० मध्ये सत्तरीचाच होता त्याने तर एक छदामही भरला नव्हता.

मग त्याचे ७२० डॉलर आले कुठून? तरुणांच्या कपातीतून. कायद्याने सरकारचा ठराविक वार्षिक वाटा लावलाच नव्हता. ब्राउन यांनी ज्या मागच्या सेवेचा भार सरकारने उचलावा आणि वेगळा दाखवावा असं म्हटलं होतं, तो कुणाच्याच खात्यावर न लिहिता निधीत मिसळून गेला. सुरुवातीला निधीत पैसे येत राहिले, शिल्लक वाढत गेली, त्यामुळे सगळं छान चाललंय असं वाटलं. न्यू साउथ वेल्समध्ये नेमकं असंच वाटलं होतं. कायद्यात तीन ॲक्च्युअरींचं मंडळ होतं, दायित्व साचत आहे हे त्यांच्या हिशोबात दिसत होतं. सरकारने नियमित पैसे घालायला सुरुवात केली ती १९२९ च्या आर्थिक वर्षापासून. त्याआधी १९२६ मध्ये कपात साडेतीन टक्के झाली आणि पेन्शनची मर्यादा १,००० डॉलरवर गेली, म्हणजे वचनही वाढलं.

तरीही हा कायदा वाईट होता असं मी म्हणणार नाही. हजारो थकलेली माणसं सन्मानाने घरी गेली. भीक मागितल्यासारखं साहेबाच्या दयेवर खुर्चीत बसून राहण्याची वेळ त्यांच्यावर पुन्हा आली नाही. निवृत्तांची स्वतःची संघटना १९२१ मध्येच उभी राहिली. ब्राउन यांची निम्मी गोष्ट कायद्याने घेतली: कपात, परतावा, व्याज. ज्या निम्म्या गोष्टीने सरकारला आजच पैसे मोजावे लागले असते, ती सोडली.

ब्राउन यांच्या विभागाचा शेवट साधाच झाला. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला ते कॅरिबियनमधल्या व्हर्जिन बेटांच्या आर्थिक पुनर्रचनेच्या कामातही गुंतले होते. ही बेटं अमेरिकेने १९१७ मध्ये डेन्मार्ककडून २.५ कोटी डॉलरला घेतली होती. १९३१ मध्ये राष्ट्राध्यक्ष हूवर तिथे जाऊन आले आणि त्यांनी त्या बेटांना चक्क ‘पुअरहाउस’, म्हणजे कंगालांचा आश्रम, म्हटलं. मंदीच्या काळात दोन काटकसर विभाग कशाला, हा प्रश्न उठणारच होता. ३ मार्च १९३३ च्या, म्हणजे हूवर यांच्या कारकिर्दीच्या अगदी शेवटच्या कायद्याने ब्युरो ऑफ एफिशियन्सी बंद झाला आणि त्याची कागदपत्रं बजेट विभागाकडे गेली.

पेन्शनचा न लिहिलेला हिशोब मात्र चालूच राहिला. १९६९ च्या कायद्याने अमेरिकन तिजोरीला त्या साचलेल्या दायित्वापोटी दर वर्षी रक्कम भरायला लावलं. १९८६ मध्ये नव्या भरतीसाठी वेगळी योजना आली, १ जानेवारी १९८७ पासून लागू झाली. तिच्यात प्रत्येक खात्याने आपल्या नोकरांनी त्या वर्षी कमावलेल्या पेन्शनची पूर्ण किंमत, नोकराची कपात धरून, त्याच वर्षी भरायची, पुढच्यावर ढकलायची नाही, असा नियम आहे. सोबत प्रत्येकाचं स्वतंत्र बचत खातं असतं. सरकार नोकराने काहीच भरलं नाही तरी पगाराच्या १ टक्का त्यात घालतं, आणि नोकराने ५ टक्के भरले तर सरकारचा वाटाही ५ टक्के होतो. खातेदाराला दर तिमाहीला हिशोब मिळतो: तुझे इतके, सरकारचे इतके, वाढ इतकी.